पोत आणि भरतकाम

अमूर्त चित्राविषयी आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकाची एक जुनी तक्रार आहे. ‘हे तर लहान मूलही काढील’, ही ती तक्रार. अलीकडे ती पुष्कळ कमी ऐकू येते. अमूर्तकलेच्या बाबतीत आपण जाणते झालो, असा त्याचा अर्थ घेता आला असता तर आनंदच होता. मला मात्र कारण निराळे दिसते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इंदूर, भोपाळ, वडोदरा येथील प्रदर्शनांतून मी जी अमूर्त चित्रे पाहिली, त्यांतील पुष्कळशी ॲक्रिलिक रंगातील होती आणि त्यांच्या पृष्ठभागावर उंचवटे, खाचा, भेगा, वाळू, जाळी, सुतळी यांपैकी कशाचे तरी काम केलेले होते. प्रेक्षक जवळ जातो, कोणाचे लक्ष नाही असे पाहून हळूच बोट फिरवतो आणि ‘मेहनत आहे बुवा’ असे म्हणून समाधानाने पुढे सरकतो. चित्र कळले नाही, पण त्यातले कष्ट कळले. तेवढ्यावर उभयपक्षी समझोता होतो.

हा समझोता मला घातक वाटतो. ज्या चित्रकाराला आपल्या रंगांवर आणि अवकाशावर भरवसा नाही, तो कष्टाचा पुरावा म्हणून पृष्ठभाग खडबडीत करतो. ज्या प्रेक्षकाला पाहण्याचा सराव नाही, तो पाहण्याऐवजी चाचपतो. आणि आमच्यासारखे लिहिणारे या दोघांच्या मधे उभे राहून ‘समृद्ध पोत’ असे दोन शब्द लिहून मोकळे होतात. म्हणून या दोन शब्दांपैकी निदान दुसऱ्याचा तरी थोडा विचार करावा असे वाटले.

‘पोत’ हा शब्द चित्रकलेने कापडावरून घेतला. (इंग्रजीतील ‘टेक्श्चर’ या शब्दाच्या मुळाशीही विणण्याचीच क्रिया आहे.) आमच्या घरांतून महेश्वरी लुगडे विकत घेताना वडीलधाऱ्या स्त्रिया पदर किंवा काठ नंतर पाहत. आधी अंगाचे कापड दोन बोटांत धरून चुरगाळत आणि पोत पाहत. म्हणजे काय पाहत? सूत किती बारीक, उभे-आडवे धागे किती दाट आणि विणकराचा हात किती एकसारखा, हे पाहत. पोत कापडावर चढवलेला नसतो. कापड ज्या रीतीने झाले, ती रीतच बोटांना पोत म्हणून जाणवते. याउलट भरतकाम हे तयार कापडावर करायचे असते. तेही सुंदर असते आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण दोहोंतील फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. भरतकाम उसवता येते आणि कापड शाबूत राहते. पोत उसवू गेलात तर हाती नुसते धागे उरतात. आपल्याकडील अमूर्त चित्रांत ज्याला पोत म्हणतात, त्यातील बराचसा भाग या कसोटीवर भरतकाम ठरतो, असे माझे मत आहे.

याचे खापर केवळ चित्रकारांवर फोडणे योग्य नव्हे. ॲक्रिलिक हे माध्यमच या मोहाला अनुकूल आहे. ते तसे कालपरवाचे माध्यम. टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मिसळणारे ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस चित्रकारांच्या हाती आले आणि पाण्यात मिसळणारे, म्हणजे आज आपण वापरतो ते, १९५०च्या दशकाच्या मध्यास. तैलरंग हवेतील प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतो. त्याला दिवस, आठवडे, जाड थर असेल तर महिनेही लागतात. ॲक्रिलिकची गोष्ट वेगळी. रंगद्रव्याचे कण आणि ॲक्रिलिक राळेचे सूक्ष्म थेंब त्यात पाण्यामध्ये तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते थेंब एकमेकांस चिकटतात आणि लवचिक, सलग पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. माळव्यातील मे महिन्यात तर पातळ थर चहा पिऊन होईतो वाळतो. त्यामुळे थरावर थर देण्यास थांबावे लागत नाही आणि राळेत काहीही मिसळले तरी ती ते धरून ठेवते: वाळू, संगमरवराची भुकटी, लाकडाचा भुसा, कागद, कापड.

बाजारात यासाठी तयार लेप मिळतात, पारदर्शक जेल मिळते. लेप कॅनव्हासवर पसरून त्यावर कंगवा ओढायचा, सुरीने रेघा मारायच्या, चुरगाळलेला प्लास्टिकचा कागद दाबून उचलायचा, पातळ टिश्यू पेपर सुरकुत्यांसह चिकटवायचा. हे वाळले की खाचांतून गडद पातळ रंग सोडायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांच्या माथ्यावरून फिकट किंवा सोनेरी रंग फिरवायचा. एवढ्यात सगळे आले. ही कृती कोणालाही एका दुपारी शिकता येते आणि ती सहसा फसत नाही. तिचा दोष इथेच आहे. ज्या कृतीत फसण्याची शक्यता नाही, तीत चित्रकाराला निर्णयही घ्यावा लागत नाही. उंचवटे घडतात तेव्हा रंग कोणता येणार हे ठरलेले नसते आणि रंग येतो तेव्हा त्याला खाच सांगेल तिकडे वाहण्यावाचून दुसरे काम उरत नाही. एकाच चित्राचे दोन तुकडे होतात. एक गवंड्याचा, दुसरा रंगाऱ्याचा. चित्रकार मधल्या मधे हरवतो.

प्रकाशाचाही एक मुद्दा आहे आणि तो कोणी फारसा मांडत नाही. उंचवट्याचा पोत डोळ्यांना दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. सावली दिव्याच्या जागेवर अवलंबून असते. प्रदर्शनात तिरप्या दिव्याखाली डोंगरदऱ्यांसारखे भासणारे चित्र घरी आणून ट्यूबलाइटसमोर टांगले की सपाट आणि मळकट दिसू लागते. घेणाऱ्याला वाटते, आपली निवड चुकली. प्रत्यक्षात त्याने चित्राबरोबर दिवा विकत घेतलेला नसतो, इतकेच!

येथे वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घेणे अपरिहार्य आहे, जरी त्यांचे माध्यम मुख्यतः तैलरंग होते. कुटुंब मूळचे गोव्याचे, जन्म १९२४ सालचा नागपूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १९६४च्या सुमारास रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क आणि १९७२पासून २००१ साली निधन होईपर्यंत दिल्ली. त्यांना ‘अमूर्त’ हा शब्दही फारसा मानवत नसे. वस्तुनिरपेक्ष हा शब्द त्यांना जवळचा वाटे. त्यांची चित्रे आपण बहुधा छापील पाहतो आणि छपाईत त्यांचा पोत हमखास फसवतो. छापील चित्रात वाटते की हा पृष्ठभाग खडबडीत असला पाहिजे, लेण्यातील ओलसर भिंतीसारखा. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रासमोर उभे राहिले म्हणजे ध्यानात येते की कॅनव्हास बराचसा सपाट आहे. खडबडीतपणा रंगाच्या आत आहे.

हे कसे साधले? गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. रंग पसरायचा, सुरीने खरवडून काढायचा, पुन्हा पातळ थर द्यायचा. फाडलेल्या कागदाचे तुकडे रंग लावून कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे, म्हणजे रंगाचा थोडा अंश मागे राहतो. आता पाहा, साधने तीच आहेत. आजचा ॲक्रिलिकवाला जे करतो त्यात सुरी आहे, कागद आहे, दाबणे-उचलणे आहे. फरक दिशेचा आहे. आजचा चित्रकार भर घालतो, गायतोंडे बव्हंशी काढून घेतात. काढून घेतल्यावर जे उरते, त्यात आधीच्या प्रत्येक थराची खूण असते. ती सावलीची खूण नव्हे, रंगाचीच. म्हणून दिवा डावीकडे असो वा उजवीकडे, चित्र ढळत नाही. ते वर्षाला मोजकीच चित्रे करीत आणि प्रत्यक्ष रंगविण्यापेक्षा त्याआधीच्या थांबण्यात त्यांचा अधिक काळ जाई. हे थांबणे तैलरंगाच्या संथपणाशी जुळणारे होते. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ साली त्यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. त्यानंतर आपल्याकडे ‘गायतोंडे पद्धती’च्या चित्रांचे पीक आले. त्यांतील पुष्कळ चित्रांत कागदाचे तुकडे दाबून उचललेले नसतात, ते सरळ चिकटवलेले असतात! गुरूने जे उचलले ते शिष्यांनी तेथेच ठेवले.

तर मग ॲक्रिलिकने काय करावे? ते झटपट वाळते म्हणून त्याला गायतोंड्यांचा संथपणा साधणार नाही हे उघड आहे. त्याचे स्वतःचे सामर्थ्य कशात आहे, हे पाहण्यासाठी आपल्या मध्य प्रदेशचेच सैयद हैदर रझा पुरेसे आहेत. मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे १९२२ साली जन्म, नागपूरच्या कलाशाळेत आणि मग जे. जे.मध्ये शिक्षण, १९५० साली पॅरिस. पन्नाशीच्या दशकातील त्यांची फ्रान्समधील गावांची आणि चर्चची तैलचित्रे पाहिली तर रंग जाड, लोण्यासारखा, सुरीने थापलेला दिसतो. १९६२ साली ते अमेरिकेत बर्कले येथे शिकवावयास गेले. तेथील नव्या चित्रकलेशी, विशेषतः रॉथकोच्या चित्रांशी, त्यांचा निकटचा परिचय झाला. पुढे त्यांनी ॲक्रिलिकचा स्वीकार केला. विलक्षण गोष्ट अशी की, ज्या माध्यमाच्या नावाने आज आपण जाडजूड लेपांचे समर्थन करतो, त्या माध्यमात आल्यावर रझांच्या रंगाची जाडी ओसरू लागली.

१९८३ सालचे त्यांचे ‘सौराष्ट्र’ हे दोन मीटर लांब-रुंद चित्र ॲक्रिलिकमधील आहे. मोठमोठ्या चौकटी, त्यांत लाल, काळा, पिवळा, हिरवा आणि एका चौकटीत बिंदू. या काळातील चित्रांत रंगाचा फटकारा पाहावा. कुंचला कॅनव्हासवर उतरतो तेव्हा ओला असतो आणि सरकता सरकता कोरडा होतो. शेवटी रंग तुटक होऊन खालचा थर मधून मधून डोकावतो. तैलरंगात असा फटकारा ओल्या खालच्या रंगात कालवला जाण्याचे भय असते. ॲक्रिलिकचा खालचा थर वाळून पक्का झालेला असल्यामुळे दोन्ही रंग आपापल्या जागी स्वच्छ राहतात आणि डोळ्यांत मिसळतात. येथे पोत आहे, उत्तम आहे आणि तो सर्वस्वी ॲक्रिलिकचा आहे. तो हाताच्या वेगातून आणि वाळण्याच्या वेगातून आला आहे. पुढे नव्वदीनंतरच्या रझांच्या भूमितीप्रधान चित्रांत हा पोत जवळजवळ नाहीसा झाला. त्याने ती चित्रे अधिक ध्यानमग्न झाली असे काही जण म्हणतात. माझ्या मते ती थोडी गरीब झाली.

दुसरे उदाहरण प्रभाकर कोलते यांचे. १९४६ सालचा जन्म, जे. जे.चे विद्यार्थी आणि तेथेच अनेक वर्षे अध्यापक, मराठीत कलेविषयी गांभीर्याने लिहिणाऱ्या थोड्या चित्रकारांपैकी एक. कोलत्यांच्या चित्रात पोत झाकण्यातून निर्माण होतो. खाली अनेक रंगांचे, आकारांचे गजबजलेले थर असतात आणि त्यावर एक प्रबळ रंग पसरत येतो, पूर आल्यासारखा. काही जागा मात्र तो सोडतो. त्या जागा खिडक्यांसारख्या राहतात आणि त्यांतून खालची गजबज दिसते. वरचा रंगही एकजीव नसतो. कुठे ओघळतो, कुठे विरळ होतो. पाहणाऱ्याला कळते की आपल्यासमोर जो शांत पृष्ठभाग आहे तो काहीतरी गप्प करून शांत झाला आहे. वाळलेला थर पुन्हा विरघळत नाही, हा ॲक्रिलिकचा गुणधर्म नसता तर अशी रचना कठीण होती. वरचा रंग खालच्याला ढवळून चिखल करता. माध्यमाचा स्वभाव आणि चित्राचा आशय असे एकमेकांत विणलेले असतात, तेव्हा पोत हा शब्द सार्थ होतो.

या विवेचनावरून कोणी असा निष्कर्ष काढील की जाड लेपाचे चित्र मला मुळातच अमान्य आहे. तसे नाही. स्पेनमधील कातालोनियाचे अंतोनी तापिएस यांनी १९५०च्या दशकात संगमरवराची भुकटी आणि वाळू यांचे अक्षरशः भिंतीसारखे कॅनव्हास केले, त्यांवर ओरखडे काढले. त्यांच्या भाषेत त्यांच्या आडनावाचा अर्थच भिंत असा होतो आणि स्पॅनिश यादवीच्या काळातील बार्सिलोनाच्या भिंतींची स्मृती त्या चित्रांमागे आहे. तेथे लेप काढून टाकला तर चित्र उरतच नाही. आपल्याकडे पाहावे तर वडोदऱ्याचा वारसा मोठा आहे. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली घडलेले नारायण श्रीधर बेंद्रे १९५० साली तेथील विद्यापीठात चित्रकला शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी शांती दवे यांनी तापवलेल्या मेणात रंग कालवून दाट पृष्ठभाग घडविले आणि त्यांत लाकडी ठशांच्या खुणा उमटविल्या. तेथेच पुढे अध्यापन करणाऱ्या जेराम पटेल यांनी साठीच्या दशकात प्लायवूड ज्वालायंत्राने जाळून, कोरून चित्रे केली. जळलेल्या लाकडाची काळी खाच ही सजावट म्हणता येईल काय? जाळणे हेच तेथे रेखाटणे आहे. या चित्रांत जाडी आहे, खड्डे आहेत, पण उसवण्याजोगे काही नाही.

आणि इतक्या दूर तरी का जावे? खेड्यातील सारवलेली भिंत पाहावी. तिच्यावर बोटांच्या ज्या कमानी उमटलेल्या असतात, त्या कोणी शोभेसाठी काढलेल्या नसतात. बसून सारवणाऱ्या बाईचा हात जेथवर पोचतो तेवढी कमान मोठी. ती पुढे सरकली की दुसरी कमान. माळव्यात अशा सारवणावरच खडू आणि गेरूने मांडणे काढतात आणि ती रेघ त्या कमानींवरून जाताना किंचित थरथरते. मांडण्याची रेघ तीच, सिमेंटच्या ओट्यावर ऑइल पेंटने काढली की निर्जीव होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींचेही तसेच. दर दिवाळीला चुन्याचा एक हात. पोपडा निघाला की खाली मागच्या पिढीचा निळा, त्याखाली त्याहून मागचा पिवळा. सरकारी नोकरीत जिल्ह्याजिल्ह्यांच्या विश्रामगृहांत मुक्काम करताना अशा भिंतींकडे पाहत मी पुष्कळ संध्याकाळी काढल्या आहेत. कोलत्यांची चित्रे मला कळली असतील तर त्यात त्या भिंतींचा वाटा आहे. गंमत अशी की, अशा भिंती पाडून बांधलेल्या फ्लॅटमध्ये आता दिवाणखान्याची एक भिंत मुद्दाम ‘टेक्श्चर’ करून घेतात आणि तिच्यावर तशाच टेक्श्चरचे चित्र टांगतात. मग भिंत आणि चित्र यांपैकी अधिक चांगले काम कोणाचे, असा प्रश्न पडतो आणि काही वेळा उत्तर भिंतीच्या बाजूने द्यावे लागते.

नवोदित चित्रकारांपैकी काहींशी बोलताना मी एक सुचवून पाहिले. लेप विकत घेण्यापूर्वी एक वर्ष केवळ रंग आणि पाणी घेऊन काम करावे. ॲक्रिलिक पातळ केल्यावर काय करतो, अर्धवट वाळला असताना ओल्या फडक्याने पुसला तर कडा कशी उरते, न वाळलेल्या जाड रंगातून पुठ्ठ्याची कड ओढली तर खालचा रंग किती उघडतो, अस्तर न दिलेल्या कॅनव्हासमध्ये रंग कसा मुरतो, हे पाहावे. या प्रत्येक प्रयोगात वेळेचा अंदाज चुकतो आणि चित्र बिघडते. बिघडू द्यावे. एकाने विचारले, ‘काका, पण घेणाऱ्याला त्यात काय दिसणार?’ प्रश्न प्रामाणिक होता. रंग महाग, कॅनव्हास महाग, दालनाचे भाडे वेगळे आणि लेपाचे चित्र विकले जाते हे त्याने अनुभवाने पाहिलेले. त्याला उत्तर देणे माझे काम नाही, ते घेणाऱ्यांचे आहे. आणि घेणारे आपल्यातलेच आहेत.

घेणाऱ्यांसाठी म्हणून थोडे व्यावहारिक. काही जण खर्च वाचविण्यासाठी भिंतीची पुट्टी किंवा गोंदात कालवलेली खडूची भुकटी कॅनव्हासवर चढवतात. कॅनव्हास हवामानानुसार सैल-ताठ होत असतो, पुट्टी होत नाही, म्हणून ती तडकते आणि खपल्या निघतात. जाड ॲक्रिलिक लेपही वरून आधी वाळतो, आत ओल राहते. पाणी उडून तो आकसतो आणि भेगा पडतात. हेतुपुरस्सर घडविलेल्या भेगा आणि अशा भेगा यांतील फरक दोन उन्हाळ्यांनंतर कळतो. ॲक्रिलिकचा पापुद्रा उन्हाळ्यात मऊ पडतो, त्यावर धूळ चिकटते आणि खाचांत बसलेली धूळ ओल्या फडक्याने काढू गेल्यास अधिकच आत जाते. म्हणून मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच झटकावे. दोन ॲक्रिलिक चित्रे तोंडाला तोंड लावून माळ्यावर ठेवू नयेत. ती एकमेकांस चिकटतात आणि सोडवताना दोहोंचाही रंग निघतो. तैलचित्रांचे वृद्धत्व आपण पाच-सहाशे वर्षे पाहत आलो आहोत. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकचे सर्वांत जुने चित्र अजून जेमतेम सत्तर वर्षांचे आहे.